लीळालेखक म्हाइंभट : ग्रंथाचा कर्ता आणि ग्रंथाचा लेखक

लीळाचरित्र हाती घेणाऱ्या अभ्यासकास दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. ग्रंथातील वचन कोणाचे, हा पहिला प्रश्न. आणि ते वचन पत्रावर कोणी उतरविले, हा दुसरा. लौकिक ग्रंथांच्या ठायी या दोहोंचे उत्तर बहुधा एकच असते. ज्याची कल्पना त्याचीच लेखणी, म्हणून कर्ता आणि लेखक हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. लीळाचरित्राच्या बाबतीत मात्र तसे करता येत नाही. वचन सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे आहे, लेखन म्हाइंभटांचे आहे. आणि या दोहोंमधील सीमा ज्या दक्षतेने राखली गेली आहे, त्या दक्षतेवरच ग्रंथाचे प्रामाण्य उभे आहे. ही सीमा राखणारा पुरुष स्वभावाने नम्र असता तर त्यात फारसे नवल नव्हते. परंतु म्हाइंभटांचे पूर्वायुष्य विद्येच्या अभिमानाने भरलेले होते. म्हणूनच त्यांचे चरित्र पंथीयांनी पुनःपुन्हा मनन करण्याजोगे आहे.

म्हाइंभट मूळचे गोदावरी परिसरातील सराळे गावचे. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मोडते. घरी संपन्नता होती, आणि संपन्नतेच्या जोडीला शास्त्राध्ययन होते. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्यांनी मीमांसेतील प्रभाकर मताचा अभ्यास केला. त्या काळी देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. पैठणसारख्या क्षेत्री पंडितांच्या सभा भरत, आणि सभेत प्रतिपक्षास निरुत्तर करणे हीच विद्येची परमसीमा मानली जाई. म्हाइंभट या वादविद्येत पारंगत झाले. इतर पंडित आपणापुढे तृणवत् आहेत हे दाखविण्यासाठी ते पायी तृण बांधीत आणि आपल्या ज्ञानापुढे जगात अंधार आहे म्हणून दिवसा दिवटी पाजळून चालत, असे परंपरा सांगते. विद्या ही त्यांना स्वतःची मालमत्ता वाटत होती, इतका अर्थ त्यातून निःसंशय निघतो. असा पुरुष पुढे ग्रंथ लिहिता तर तो कोणाच्या नावाने लिहिता, हे सांगावयास नको.

श्रीचक्रधर स्वामींची कीर्ती त्यांच्या कानी आली. गोदातीरी डोमेग्राम येथे स्वामींचे वास्तव्य असता म्हाइंभट वादाच्या हेतूने तेथे गेले. तेथे जे घडले ते सभेतील पराभवाहून निराळे होते. सभेत हरलेला पंडित अधिक ग्रंथ वाचून पुन्हा उभा राहतो. म्हाइंभटांस असे दिसून आले की, जे ज्ञान आपण कमाविले म्हणत होतो ते शब्दांपाशीच थांबले आहे, आणि शब्द ज्याकडे बोट दाखवितात तेथवर आपण पोचलेलोच नाही. तेथे त्यांचा वाद संपला. त्यांनी स्वामींस मानिले. तथापि स्वामींच्या सन्निधानात प्रत्यक्ष राहण्याचा त्यांचा काळ अल्प ठरला, ही गोष्ट त्यांच्या पुढील कार्याचा विचार करताना ध्यानी ठेविली पाहिजे. ज्या लीळा त्यांनी पुढे लिहिल्या, त्यांपैकी बहुतेक त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या नव्हत्या.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. विरहाने व्याकुळ झालेला भक्तसमुदाय श्रीनागदेवाचार्यांसह विदर्भातील ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. हे ऋद्धिपूर आज अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात आहे. म्हाइंभटही तेथे आले. संपत्ती, सभा आणि वाद मागे राहिले. येथूनच त्यांच्या आयुष्यातील दुसरे पर्व सुरू होते. आणि या पर्वात ते कोठेही बोलताना दिसत नाहीत, सर्वत्र विचारताना दिसतात.

श्रीनागदेवाचार्य एकांती बसून स्वामींच्या लीळांचे क्रमाने स्मरण करीत. म्हाइंभटांनी हे पाहिले, आणि आचार्य नेमके काय आठवितात याची पृच्छा केली. उत्तर ऐकताच त्यांच्या मनात जो विचार आला तो समग्र महाराष्ट्राच्या वाङ्मयास उपकारक ठरला. हे स्मरण एका देहात आहे आणि देह नश्वर आहे. आचार्य गेले की त्यांच्याबरोबर ते जाईल. पुढील काळात जे अनुसरतील त्यांनी कशाचे स्मरण करावे? ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांना ग्रंथाची गरज नव्हती. ज्यांना पाहता येणार नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथ हवा होता. म्हाइंभट या दोहोंच्या मध्ये उभे होते: दर्शन घडले होते, पण तृप्ती व्हावी इतके सन्निधान लाभले नव्हते. उणीव ज्याला कळते त्यालाच संग्रहाची निकड कळते. त्यांनी आचार्यांस लीळा सांगण्याची विनंती केली आणि आचार्यांनी ती मान्य केली. ऋद्धिपुरातील वाजेश्वरी येथे हे कार्य झाले. ते सुमारे सहा महिने चालले असे परंपरा सांगते. शके १२०० (सन १२७८) च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

आचार्यांच्या मुखातून ऐकून लिहून घेणे एवढ्यावर कार्य थांबते, तर म्हाइंभटांस केवळ लेखनिक म्हणावे लागले असते. परंतु आचार्यही प्रत्येक लीळेच्या वेळी उपस्थित होते असे नाही. स्वामी एकाकी विहरत होते तेव्हा कोणीही भक्त जवळ नव्हता. त्या एकांकातील लीळा स्वामींनी स्वतः भक्तांस सांगितल्या तेवढ्याच कळल्या. काही प्रसंगी एखादीच बाईसा जवळ होती, काही प्रसंगी वाटेवरचा एखादा गावकरी. म्हणून म्हाइंभट निघाले. ज्या लीळेशी ज्याचा संबंध, त्याला गाठावे, त्याच्याच तोंडून ऐकावे, आचार्यांच्या कथनाशी ताडून पाहावे, आणि मग लिहावे, असा क्रम त्यांनी ठेविला. शेतात औत धरलेल्या कुणब्यास काम टाकून बोलावयास सवड नव्हती, तेव्हा म्हाइंभट त्याच्या औताबरोबर तासातून चालत राहिले आणि लीळा मिळविली, अशी आख्यायिका पंथात आदराने सांगितली जाते. ज्या पंडिताने इतर पंडितांस तृण मानिले तो ढेकळांतून एका कुणब्याच्या मागे चालतो, एवढ्या एका चित्रात त्यांचे सर्व अनुसरण साठलेले आहे. कर्त्यास असे चालावे लागत नाही. त्याची सामग्री त्याच्या अंतरी असते. लेखकाची सामग्री दुसऱ्याच्या ठेवीत असते आणि ती मागून आणावी लागते.

मागून आणलेली ठेव जशीच्या तशी पोचविणे ही लेखकाची दुसरी कसोटी. म्हाइंभटांस अलंकारशास्त्र अवगत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही लीळाचरित्रातील वाक्ये आखूड आहेत. स्वामी कोठे आले, कोठल्या देवळात आसन झाले, कोण बरोबर होते, कोणी काय विचारिले, स्वामींनी काय निरूपिले, एवढेच सांगून वाक्य थांबते. उपमांची आरास नाही, लेखकाचे उद्गार नाहीत, प्रसंगाचा अर्थ वाचकावर लादण्याची घाई नाही. ज्या गोष्टी दुसऱ्या चरित्रकाराने क्षुल्लक म्हणून गाळल्या असत्या त्याही येथे आहेत: भोजनातले पदार्थ, वस्त्रे, लहान मुलांचे खेळ, बाजार, वाटा, नदीचे उतार, भक्तांची आपसातील कुरबूर. आज यादवकालीन लोकजीवन जाणू इच्छिणारा संशोधक याच गोष्टींसाठी हा ग्रंथ उघडतो. म्हाइंभटांचा हेतू मात्र निराळा होता. कोणती गोष्ट महत्त्वाची हे ठरविण्याचा अधिकार आपला नाही, ही जाणीव त्या प्रत्येक बारकाव्यामागे आहे. अवताराच्या चेष्टेत उणे-अधिक निवडणारा जीव कोण?

या बारकाव्यांचे फळ पंथास आणखी एका रीतीने मिळाले. लीळांमध्ये स्थळे नोंदली गेली म्हणून पुढे स्थानांची ओळख टिकली, आणि चौदाव्या शतकात स्थानपोथीसारखा ग्रंथ होऊ शकला. आज बीड जिल्ह्यातील नांदूरघाटसारख्या बालाघाटावरील गावातून एखादा वासनिक उत्तरेस गोदातीरी पांचाळेश्वरास आत्मतीर्थी जातो, किंवा पुढे पैठणास व डोमेग्रामास जातो, तेव्हा कोणत्या ओट्यावर मस्तक ठेवावे हे त्यास विचारावे लागत नाही. कोणी तरी कधी काळी वाट चालून, विचारून, नोंदून ठेविले, म्हणून त्यास ते सहज कळते. नमस्कार करणाऱ्याच्या मनात त्या नोंद करणाऱ्याचे नाव क्वचितच येते.

कर्ता आणि लेखक यांतील हा विवेक केवळ म्हाइंभटांचा वैयक्तिक गुण नव्हता. श्रीनागदेवाचार्यांच्या छायेत तो पंथाची रीत बनला. केशिराजबासांचे उदाहरण पाहावे. त्यांनी आचार्यांच्या अनुमतीने लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला आणि स्वामींनी निरूपिलेले ११४ दृष्टांत एकत्र करून दृष्टांतपाठ रचिला. दृष्टांतपाठाची मांडणी तिहेरी आहे: वर सूत्र, मध्ये दृष्टांत, खाली दार्ष्टांतिक. पहिली दोन स्वामींची, तिसरे केशिराजबासांचे. दार्ष्टांतिक कितीही मार्मिक असले तरी ते दृष्टांतात मिसळू दिलेले नाही. वाचकास स्वामींचे वचन कोठे संपते आणि विवरणकाराचे कोठे सुरू होते, हे एका दृष्टीत कळते. केशिराजबास संस्कृताचे मोठे पंडित होते. तत्त्वज्ञान संस्कृतात लिहावे अशी त्यांची इच्छा असता आचार्यांनी त्यांस निवारिले, कारण तसे केल्याने साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास अंतरल्या असत्या. स्वामींनी मराठीत निरूपिले, तर लेखकाने ते दुसऱ्या भाषेच्या वस्त्रात का गुंडाळावे, हा त्यातील अभिप्राय होय. म्हाइंभटांनीही आपले संस्कृत पांडित्य बाजूस ठेवून मराठीच लिहिली. भाषा निवडण्याचे स्वातंत्र्य कर्त्यास असते. लेखकाने ते मागितले नाही.

याच्या उलट वाटणारे एक उदाहरण पंथाच्या इतिहासात आहे, आणि दोन्ही शेजारी ठेविल्याशिवाय विषय पुरता उलगडत नाही. नरेंद्र कवी हे यादव राजा रामदेवरायाच्या दरबारी. त्यांनी रुक्मिणीस्वयंवर रचिले. काव्य ऐकून राजा इतका प्रसन्न झाला की, ओवीगणिक सुवर्णनाणे देऊन ते काव्य स्वतःच्या नावे करून घेण्याची इच्छा त्याने प्रकट केली. नरेंद्रांनी ते नाकारिले, कारण त्याने कविकुळास बोल लागला असता. पुढे ते परमार्गास अनुसरले. सोबत होते ते केवळ स्मरणातील ओव्या, आणि म्हणून ते काव्य आज अपुरे उपलब्ध आहे. नरेंद्रांनी आपले नाव सोडले नाही, म्हाइंभटांनी आपले नाव पुढे केले नाही. मग यांत थोर कोण, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु दोघांची कृती एकाच नियमातून निघाली आहे. वाणी ज्याची, नाव त्याचे. नरेंद्रांची वाणी नरेंद्रांची होती, तेथे राजाचे नाव घालणे असत्य झाले असते. लीळाचरित्रातील वाणी स्वामींची होती, तेथे म्हाइंभटांनी कर्तेपण मिरविणे तितकेच असत्य झाले असते. एकाने सोने नाकारून सत्य राखले, दुसऱ्याने कीर्ती नाकारून.

श्रीगोविंदप्रभूंनी सन १२८७ च्या सुमारास देह ठेविला. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र, ज्यास ऋद्धिपूरलीळा असेही म्हणतात, त्याच रीतीने संपादिले. श्रीप्रभूंच्या लीळा बाह्यतः बालवत्, कधी उन्मत्तवत् भासणाऱ्या. पंडिताच्या लेखणीस येथे मोठा मोह होता: त्या लीळांना सुसंगत तत्त्वार्थ जोडावा, लोकांस विचित्र वाटेल ते झाकावे. म्हाइंभटांनी झाकले नाही, जोडलेही नाही. ज्यांनी पाहिले त्यांनी जसे सांगितले तसे ठेविले. यावरून दिसते की लीळाचरित्रातील संयम हा एका ग्रंथापुरता नव्हता. ती त्यांची सिद्ध झालेली वृत्ती होती.

म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी पुढे राहिली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती नाहीशी झाली. कर्त्याच्या अभिमानाने लिहिलेला ग्रंथ अशा वेळी कर्त्याबरोबर संपता. परंतु हा ग्रंथ ऐकून, आठवून, पुन्हा सांगून तयार झालेला होता. तो ज्यांनी पाठ केला होता त्यांच्या मुखातून तो पुनः उभा राहिला. हिराइसांसारख्या विलक्षण स्मरणशक्तीच्या साध्वीचे ऋण पंथ येथे विसरू शकत नाही. निरनिराळ्या महंतांच्या स्मरणात पाठ थोडा थोडा निराळा होता, तेव्हा संपादकांनी त्यांतील एक निवडून बाकीचे पुसले नाहीत. ही एकाची वासना, ही दुसऱ्याची, अशी नोंद करून दोन्ही ठेविली. जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत पंथीयांस परिचित आहे. एकाच्या हाती पाय येतो, दुसऱ्याच्या कान. प्रामाणिक लेखक पायाला पाय म्हणून आणि कानाला कान म्हणून नोंदतो. त्यांवरून स्वतःच्या मनाने हत्ती घडवीत नाही. वासनांच्या या नोंदी वाचणाऱ्यास आरंभी अडखळविणाऱ्या वाटतात, पण पाठाची विश्वसनीयता त्यांच्यामुळेच कळून येते.

पुढील शतकांत पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत जतन झाल्या. लिहिणारे असंख्य, बहुतेकांची नावेही आज ठाऊक नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिपींचा उलगडा केला, १९३०च्या दशकात हरिनारायण नेने यांनी लीळाचरित्राचे भाग मुद्रित केले, आणि मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून सर्व महाराष्ट्रास त्याची ओळख पटली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली, आणि त्याच सुमारास ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठीचे पुरातनत्व सांगताना ज्या ग्रंथाचा निर्देश अटळ ठरतो, त्याच्या लेखकाने मराठीची सेवा करण्याचा संकल्प कधी केला नव्हता. स्वामींचे वचन चुकू नये, एवढाच त्यांचा संकल्प होता. भाषेची सेवा त्या संकल्पातून आपोआप घडली.

आता या चरित्रापासून आजच्या साधकाने काय घ्यावे? लीळाचरित्र हे पंथाच्या नित्य पठणातील आहे. त्यावर प्रवचने होतात, टीपा लिहिल्या जातात, नव्या आवृत्ती निघतात. प्रवचनकाराची कल्पना श्रोत्यांस आवडते, दहा ठिकाणी सांगितली जाते, आणि दुसऱ्या पिढीत ती स्वामींचे वचन म्हणून मिरवू लागते. हेतू वाईट नसतो; भक्तीच्या भरात सीमा पुसली जाते. परंतु सीमा पुसली की साधकाची मोठी हानी होते. आचार कशावर बेतावा हे त्यास वचनावरून ठरवावयाचे असते, आणि वचनाच्या ठिकाणी एखाद्या जीवाची कल्पना आली तर त्याचे साधन त्या जीवाच्या मापाचे होते. म्हणून निरूपण करणाऱ्याने केशिराजबासांचे दार्ष्टांतिक डोळ्यांपुढे ठेवावे: आपले म्हणणे असावे, पण आपल्या जागी असावे. आणि पोथी उतरविणाऱ्याने, मुद्रण तपासणाऱ्याने, वृद्धांकडून ऐकलेली आठवण लिहून ठेवणाऱ्याने म्हाइंभटांस आठवावे. आठवण सांगणारे वृद्ध आजही गावोगाव आहेत. त्यांच्याकडे जाऊन विचारणारा हवा, आणि सांगितले तेवढेच लिहिणारा हवा.

म्हाइंभट हे ग्रंथाचे कर्ते नव्हते, म्हणून त्यांचे स्थान कर्त्याच्या पायरीहून खाली, असे कोणी समजू नये. कर्ता वचन देतो. ते वचन पुढील पिढीच्या हाती अखंड पोचेल की नाही, हे लेखकावर अवलंबून असते. पंथाने म्हाइंभटांची आठवण त्यांच्या वादांसाठी ठेविली नाही, त्यांतील एकही वाद कोणास सांगता यावयाचा नाही. त्यांची आठवण राहिली ती त्यांनी स्वतःचे काही न घालता जे लिहिले त्यासाठी. ऋद्धिपुरास जाणारे यात्रेकरू वाजेश्वरीस थांबतात, आणि एका पंडिताने येथे बसून दुसऱ्याचे बोलणे ऐकिले, म्हणून त्या भूमीस दंडवत घालतात.